छताला बांधलेलं घर

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास हिंदी मुलखातल्या बीरगांव या कारखान्यांच्या वस्तीत एका अंगणात पसरलेलं फ्लेक्स वाऱ्यानं उडालं आणि रेल्वेलाइनच्या दिशेनं गेलं. कोणाला लागलं नाही.

फ्लेक्स जुनं होतं. राज्याच्या नव्या राजधानीच्या रस्त्यावर होऊ घातलेल्या एका वसाहतीची जाहिरात त्यावर होती. पिवळे पडदे, पांढरा सोफा, तळ्याकडे उघडणारी गॅलरी आणि कोपऱ्यात फोन नंबर. होर्डिंगवर नवी जाहिरात चढली की उतरवलेलं फ्लेक्स चढणाऱ्या माणसाला मिळतं. दयाराम साहू हेच काम करतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं ते शेजारच्या गंगाधर निमजेला दिलं आणि स्वतःच सिमेंटच्या पत्र्याखाली ताणून बांधलं. त्यानं खोली कमी तापते. त्या गल्लीत बहुतेक घरांत असं छत आहे. झोपलेल्या माणसांच्या अंगावर रात्रभर साबण, मोबाइल आणि दागिने तरंगत असतात. निमजेंच्या वाट्याला घर आलं.

बांधताना दयारामनं चित्राची वरची कड उत्तरेच्या भिंतीकडे घेतली. खोलीत खाट उत्तर-दक्षिणच मावते आणि उत्तरेकडे डोकं करून कोणी झोपत नाही. तसं मेलेल्या माणसाला ठेवतात. त्यामुळे दक्षिणेला उशी घेऊन पडलं की घर उलटं दिसायचं. लोखंडाच्या रोलिंग मिलमधून थकून आलेल्या गंगाधरला त्याचं काही नव्हतं. उलटा फोन नंबर मात्र न शिकता त्याला पाठ झाला.

या एप्रिलमध्ये तो एकदा दुपारीच घरी आला. बायको, सरोजिनी, खाटेवर झोपलेली होती आणि उशी उत्तरेला होती.

"अवं, ऊठ! काहून अशी झोपली?"

"तुमच्या बाजूनं घर उलटं दिसते," ती डोळे न उघडता म्हणाली. "सोफा वर, पंखा खाली."

"उलट्या घरात वटवाघळं राह्यतात. आपल्याले काय कराचं?"

"म्हणूनच मी सुलट्या घरात जाते. तुम्ही लटका."

तो हसला. पण त्यानंतर ती रोज तशीच झोपू लागली आणि तिला उठवायला वेळ लागू लागला. त्या घरात मिलची काळी धूळ नाही, असं ती सांगायची. बोट फिरवलं तर बोट पांढरंच राहतं. पिवळ्या पडद्यातून ऊन गाळून येतं आणि पाण्यासारखं फरशीवर हलतं. गॅलरीच्या डावीकडे अजून एक खोली आहे, ती फ्लेक्सवर आली नाही. तळ्यात कोणी बोलत नाही, तरी आवाज येतो. एकदा ती जागी झाली आणि आपल्या रिकाम्या हाताकडे पाहू लागली.

"चहा तिकडंच राह्यला," ती म्हणाली.

ती अशी झोपत गेली तर एक दिवस उठणार नाही, असं गंगाधरच्या मनानं घेतलं. फ्लेक्स काढून टाकू म्हटलं तर तिनं भांडीच आपटली असती. शेवटी त्यानं दयारामला बोलावलं. चित्र फिरवून बांध, म्हणजे दक्षिणेला डोकं ठेवूनही घर सुलटं दिसेल.

"हव भैया, पलटा देहूं," दयाराम म्हणाला. "भौजी, पडदा भी बदल दूं क्या?"

"तू फक्त गाठी नीट मार," सरोजिनी म्हणाली. ती खुशीत होती.

सोमवारी दयारामनं फ्लेक्स सोडलं आणि झटकायला अंगणात पसरलं. तेवढ्यात वावटळ आली. फ्लेक्स उभं राहिलं. क्षणभर गल्लीत पिवळे पडदे, सोफा, तळं असं सगळं घर माणसांच्या उंचीवर तरंगत होतं. मग ते पत्र्यांवरून गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत सरोजिनीनं उन्हाला आड म्हणून पदर कपाळावर धरून पाहिलं.

मंगळवारी पाचच्या सुमारास गंगाधर ड्यूटीवरून आला तेव्हा दाराला कुलूप होतं. "घरी जाऊन येते म्हणाल्या," दयारामच्या बायकोनं किल्ली देत सांगितलं. गंगाधरनं दयारामच्या मोबाइलवरून पुलगावला, सरोजिनीच्या भावाकडे फोन लावला. ती तिकडे गेलेली नव्हती. तोच मोबाइल हातात घेऊन तो कुलूप उघडून खोलीत आला. वर नुसता पत्रा होता. त्याकडे पाहत त्यानं पाठ असलेला नंबर फिरवला.

वसाहतीच्या चौकीदारानं फोन उचलला. घरं अजून बांधायची आहेत, लोकांना दाखवायला एकच फ्लॅट सजवलेला आहे, असं त्यानं सांगितलं.

"एक बाई आली का तिकडं?"

"एक दीदी आई तो हैं. फ्लॅट देखने आई पार्टी के साथ अंदर गईं. पार्टी चली गई, वो बेडरूम में सो गईं. उठाया, नहीं उठतीं."

गंगाधर खाटेवर बसला.

"भैया, उनका सिर किस तरफ है?"

"क्या?"

"सिर. उत्तर की तरफ है क्या?"

"रुकिए, देखके बताता हूं."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फरशीवर चपला दूर गेल्या. मग एक दार उघडलं. पडदा हलावा तसं काहीतरी ऐकू येत राहिलं. संध्याकाळी पाच पन्नासपर्यंत चौकीदार फोनवर परत आलेला नव्हता. लाइन चालू होती.