दहावं सूप

दरेकशाच्या योगेश्वरीने कॉम्प्युटरचा प्रोग्राम धानाच्या सुपांत चालवून पाहिला, हे कोणी मानणार नाही. नका मानू. मानण्यासारखं नाहीच ते.

२००७ चा मे. पुण्याच्या एका कंपनीने तिला परीक्षा धाडली होती: दहा आकडे लहान-मोठे लावणारा प्रोग्राम जावा भाषेत लिहा, आज पाचच्या आत मेल करा. दोन कंपन्यांनी आधीच नाही म्हटलेलं. हीही गेली, तर उद्या पहाटे आईमागे तेंदूपत्ता तोडायला जंगलात. आणि लाईट गावात नव्हतीच. गोंदियाच्या कॅफेत चार ते पाच, एवढीच. तासाभरात चुका शोधणार तरी कधी?

तिला शिकवलं होतं यादोराव गुरुजींनी, तेही कोबोल, मशीनची जुनी भाषा. त्यांच्या उमेदीत आज कार्डं मशीनला द्यायची, उत्तर उद्या. म्हणून ते सांगायचे, "पोरी, मशीनच्या आधी तू मशीन हो."

झाली बिचारी. अंगणात दहा सुपं मांडली, ज्याचा जो आकडा तेवढे दाणे त्यात. ती वहीतली ओळ वाचायची, शेजारची जमुनाकाकी सुपं सरकवायची. मध्येच कोंबडी.

"हाकल ना तिले, काकी! आकडा खाऊन राहिली!"

"माह्ये हात किती आहेत वो बाई?"

तेरा वेळा मांडलं. शेवटी सुपं बरोबर लागली. कोंबडीसुद्धा आधी लहान सूप, मग मोठं, असंच टिपू लागली.

दोघी पॅसेंजरने गोंदियाला. प्रोग्राम टाईप केला, चालवला. मशीन म्हणालं, दहावा कप्पाच नाही. पुन्हा चालवला. तेच. पाचला वीस मिनिटं उरली. तिने गुरुजींना फोन लावला.

"सर, दहावा कप्पा सापडून नाही राहिला."

"आमच्या कोबोलात एक ते दहा, बाई. जावात कसं मोजतेत, मले नाही मालूम. माह्याजवळ होतं तेवढं देल्लं तुले."

तिने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काऊन रडून राहिली?" काकी म्हणाली.

"एकापासून मोजलं, काकी. दहावं सापडत नाही."

"एकापासून कायले? धान मोजताना पहिल्या मापाले कोणी एक म्हणते का? लाभ म्हणते."

योगेश्वरी गर्रकन वळली. पहिल्याला एक म्हणायचंच नाही! मग एकाच्या आधीचं शून्यच की! तिने एकाच्या जागी शून्य टाकलं, दहाच्या जागी नऊ. दहाही आकडे रांगेत उभे. पाचला तीन मिनिटं उरली. प्रोग्राम मेलला जोडला, बटन दाबलं, आणि लाईट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळी. पण मेलने वाट धरली होती, तो काय मागे फिरतो? तारेवरून पळत नागपूर, तिथून पुणे, आणि पाचाचे टोले पडायच्या आत साहेबाच्या टेबलावर—

"झूठ नका बोलू, मामाजी," तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता योगेश्वरी मला मध्येच तोडत म्हणाली. "बटन दाबायच्या आधीच गेली होती लाईट."