थनाफत हरवला

मारिट नॉर्वेहून थायलंडातल्या आमच्या बालवाडीत आली ती मुलांचं भलं करायला, आणि पहिल्याच सकाळी तिला रडू कोसळलं. मी आपली रोजच्यासारखी हजेरी घेत होते. "मू! कोप! नू!" मुलं "हजर, बाई" म्हणत होती. मारिटच्या मोबाइलने तिला लगेच अर्थ सांगितला: डुक्कर, बेडूक, उंदीर.

त्यात मूची आजी त्याला सोडायला आली. "हे घ्या आमचं ध्यान," ती नव्या पाहुणीला कौतुकाने म्हणाली. "शी! किती घाणेरडं आहे बघा."

मारिटने मूला पोटाशी धरलं आणि आजीकडे असं पाहिलं, की बिचारी आजी चप्पल न घालताच घरी गेली.

तिचं थाई लंगडं, माझं इंग्रजी लंगडं. तरी मी बसून समजावलं. "अगं, देखण्या पोरावर भुतांची नजर जाते. मूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. दोघंही गोरीगोमटी, नावंसुद्धा गोड गोड. म्हणून हा डुक्कर. डुकराला कोण उचलून नेतंय? मलाही गाव उआन म्हणतं, म्हणजे जाडी. जन्मले तेव्हा मूठभर होते, म्हणून."

"बाई, मला तुमच्या संस्कृतीचा फार आदर आहे," मारिट म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाच्या गळ्यात रंगीत फुलं काढलेलं कार्ड अडकवलं. त्यावर कागदपत्रांवरचं नाव, थाईत आणि इंग्रजीत. मू झाला थनाफत. यापुढे कोणीही कोणाला जनावराच्या नावाने हाक मारायची नाही, असा नियम झाला. मी मान डोलावली. तिच्या संस्थेने आम्हाला दोन पंखे दिले होते, आणि आमच्या उन्हाळ्यात पंख्यापुढे तत्त्व टिकत नाही.

आजीने मात्र कार्ड पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "उआन, त्याचं खरं नाव असं चव्हाट्यावर टांगलंस? वाचता येणाऱ्यांनी वाचलं म्हणजे?" वाचता येणारे म्हणजे कोण, ते मला कळलं. मी हसण्यावारी नेलं. पंखा चालू होता.

मग विहाराची जत्रा आली. आम्ही मुलांना दोरी धरायला लावून घेऊन गेलो. आकाशपाळण्यापाशी मी मागे वळून पाहिलं, तर दोरीला मूची जागा रिकामी. विहारामागे तळं आहे, खोल. मारिटला म्हटलं, "तू भोंग्यावरून हाक मार, मी तळ्याकडे बघते."

मारिटने भिक्षूंच्या हातून माइक जवळजवळ ओढूनच घेतला. "थनाफत हरवला आहे! थनाफत, कुठे आहेस?" साऱ्या जत्रेने ऐकलं. कोणी आलं नाही. ती हाका मारतच राहिली. तळ्याच्या काठी आजी आधीच येऊन उभी होती. ती पाण्याकडे बघून हात जोडत होती आणि पुटपुटत होती, "तो आमचा नव्हे हो. आमचं आपलं एक डुक्कर आहे. ते तेवढं द्या."

मी परत धावत आले. "अगं बये, त्याच्या नावाने हाक मार!"

"तेच तर करतेय!"

"त्याच्या! डुक्कर म्हण!"

मारिटच्या डोळ्यांत पाणी. मग तिने माइक तोंडाशी नेला आणि आधी हळूच, मग बेंबीच्या देठापासून ओरडली, "मू! मू! माझ्या मू!"

"किती काड्या?" समोर काड्यांवर डुकराचं मटण भाजणाऱ्याने विचारलं. पाठोपाठ शेजारच्या गावचे दोन मू धावत आले. बंदोबस्ताचा ढेरपोट्या हवालदारही आला, टोपी सावरत. तोही मूच निघाला.

आणि सगळ्यात शेवटी नाटकाच्या मंचाखालून आमचा मू रांगत बाहेर आला. गुडघे मातीने भरलेले, गळ्यात कार्ड.

"कुठे होतास रे?" मी त्याचं बखोटंच धरलं. आजी धापा टाकत येऊन पोहोचली होती.

"शोधत होतो," तो म्हणाला. "ते पोरगं हरवलंय ना, थनाफत? मी खाली सगळीकडे बघितलं, बाई. सापडला का तो?"

मी मारिटला त्याचं बोलणं समजावलं. ती त्याच्यापुढे खाली बसली. त्याच्या गळ्यातलं कार्ड तिने काढलं, दुमडून मुठीत लपवलं, आणि आधी तळ्याकडे, मग आजीकडे पाहिलं.

"नाही सापडला," ती मोडक्या थाईत मोठ्याने म्हणाली, ऐकणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हा आमचा मू. शी! किती घाणेरडा!"

आजीने खांद्यावरच्या पंचाने डोळे पुसले. "उआन," ती मला म्हणाली, "आता आलं गं हिला बोलायला."