व्हर्डीवहिनीची जुनी बंदूक

"ही बघ. कोरी करकरीत," वेंडेल काचेच्या कपाटावर बोट आपटत म्हणाला. "माझी आई कुणाची वापरून टाकलेली बंदूक घेणार नाही. हॉबर्ट, ती तपकिरी खोक्यातली आत ठेव."

हॉबर्टनं काही ती आत ठेवली नाही. दुकान त्याचं, घाई वेंडेलची. त्यानं दोन्ही रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी हिरव्या कापडावर मांडले. एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे. नवा छानशा प्लास्टिकच्या पेटीत होता. दुसरा कुठल्यातरी पोलीस खात्यानं वर्षानुवर्षं वापरून परत केलेला. कारखान्यानं तो खोलून, झिजलेले भाग बदलून, चालवून बघून, मुठीखाली बारीकसा शिक्का मारून पुन्हा विकायला पाठवला होता. खोकं मात्र साध्या पुठ्ठ्याचं, बुटांचं असतं तसं.

"टाकलेली नाही, वेंडेल," हॉबर्ट म्हणाला. "कारखान्यात जाऊन आलेली आहे. तुझ्या आत्याच्या गुडघ्यासारखी."

"माझ्या गुडघ्याला मधे आणू नकोस," मी म्हणाले.

ती आत्या म्हणजे मी, ओपल. व्हर्डी माझी वहिनी, माझ्या भावाची, बर्लची, बायको. बर्ल गेला त्याला आता बरेच हिवाळे झाले. केंटकीच्या डोंगरात आमची दरी आहे. त्या दरीत वर तिचं घर, खाली माझं, मधे ओढा. मला या खरेदीला कुणी बोलावलं नव्हतं. पण सकाळी वेंडेलच्या गाडीच्या हौद्यात दुमडलेली रिकामी खोकी बघितली आणि न विचारता मी गाडीत जाऊन बसले. मुलगा कोलंबस शहरातून आईला भेटायला येतो तेव्हा एवढी खोकी कशाला आणतो?

झालं होतं असं. गेल्या महिन्यात वहिनी चर्चमधून परत आली, तर परसातल्या छपराखाली कुणीतरी बर्लची यांत्रिक करवत उचलत होतं. वहिनीनं घरातून बर्लचं पिस्तूल आणलं. त्याचा वरचा भाग मागे खेचल्याशिवाय ते चालत नाही, आणि तो काही तिला खेचता येईना. उभं आयुष्य तिनं शाळेची बस चालवली. बसचं दार उघडायचा लोखंडी दांडा ओढून ओढून उजव्या हाताची बोटं पार वाकडी झालीत. शेवटी तिनं पिस्तूल एप्रनच्या खिशात टाकलं आणि नीट निरखून बघितलं, तर चोर म्हणजे लेस्टर. लहानपणी तिच्याच बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून उच्छाद मांडायचा.

"लेस्टर! जागेवर बस!" वहिनी ओरडली.

आणि तो बसला की हो! एवढा थोरला दाढीवाला बाप्या, करवत मांडीवर घेऊन ओंडक्यावर बसला, तो पोलिसांची गाडी येईपर्यंत उठला नाही. वहिनीनं त्याला मक्याच्या पावाचा तुकडा दिला, तोही खाल्ला त्यानं. सगळी दरी आठवडाभर हसत होती. मला तर माझ्या वहिनीचा असा अभिमान वाटला की दुकानात दिसेल त्याला थांबवून मी ती गोष्ट सांगितली.

वेंडेल तेवढा हसला नाही. फोनवर म्हणाला, "आई, पुढच्या वेळी लेस्टर नसेल. तुझ्या बसमध्ये न बसलेला कुणी असेल." तो आला तो कोलंबसच्या घरातली एक खोली रंगवूनच आला. वहिनी म्हणाली, मी माझं घर सोडणार नाही. तो म्हणाला, मग पिस्तूल चालवून दाखव. दोघंही एकाच मातीची. शेवटी ठरलं असं की तिला चालवता येईल अशी बंदूक घ्यायची, हॉबर्टच्या दुकानामागे मातीच्या बांधापाशी कागदी थाळी लावायची, वहिनीच्या मागच्या दारापासून परसातल्या छपरापर्यंत असेल तेवढ्या अंतरावर. पाचही गोळ्या थाळीत बसल्या तर ती इथं राहील. नाहीतर खोकी भरायची.

"नवी काढ," वेंडेल हॉबर्टला म्हणाला. "पैसे मी देतोय."

"ते कधी ठरलं?" वहिनीनं विचारलं.

"आई, एकदा तरी मला काहीतरी नवीन घेऊन देऊ दे ना गं तुला!"

खरं होतं त्याचं. वेंडेलचं सगळं लहानपण चुलत भावांच्या उतरलेल्या कपड्यांत गेलं. आता शहरात त्याचं बरं चाललंय, तर आईला पेटीबंद वस्तू द्यावी असं त्याला वाटणारच. वहिनीनं नवी उचलली.

दुकानामागे आम्ही कानांवर आवाज अडवायची टोपणं चढवली. वहिनी दोन्ही पाय रोवून उभी राहिली, बसच्या पायरीवर उभी राहायची तशी. चाप ओढायला लागली. बोट थरथरलं, मग मनगट, मग खांदाही. चाप हलेना, आणि हलला तेव्हा नळी खाली झुकली. पाचही गोळ्या झाडल्या तिनं, मधे थांबली नाही. थाळीत दोन होत्या. बाकीच्या बांधानं गिळल्या.

वेंडेलचे खांदे सैल पडले. मला राहवलं नाही.

"सुटल्यासारखं वाटलं ना रे तुला?" मी म्हणाले. "तिला जमू नये म्हणूनच नवी नवी करत होतास की काय?"

"आत्या, तोंड सांभाळून बोल!"

"मी या तोंडाला इतकी वर्षं सांभाळतेय. तू बोल."

त्याचे डोळे भरून आले. "मुद्दाम नाही केलं मी. शपथ. पण इकडून फोन आला ना, की उचलेपर्यंत मी तिला चारदा पुरून आलेला असतो. तुम्ही सगळे हसता लेस्टरवर. मी नाही हसू शकत."

मला वाईट वाटलं. बोलले ते बोलले, पण वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनीनं रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं, झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या टेबलावर पाडल्या आणि बंदूक त्याच्यापुढे धरली. त्यानं डोळे पुसत पुसतच ती घेतली, चक्र खटकन आत लोटलं आणि पेटीत ठेवायला वळला.

हॉबर्टनं नजर जमिनीकडे वळवली. मलाही कुठं बघावं कळेना.

आमच्याकडे बंदूक अशी आत न बघता कुणी घेत नाही. देणाऱ्यानं रिकामी दाखवली तरी घेणारा स्वतः बघतो, तोंडानं "रिकामी" म्हणतो, मगच पुढचं. बापाच्या हातून घेतली तरी, पाद्रीबाबाच्या हातून घेतली तरी. तपासली म्हणून कुणी रागावत नाही. न तपासता घेतली, तर माणसं त्याच्यासोबत शिकारीला जायचं बंद करतात. बर्लनं वेंडेलला हे शिकवलं तेव्हा पोरगा त्याच्या कमरेएवढा होता.

"वेंडेल," वहिनी म्हणाली. "जागेवर बस."

आवाज चढवला नव्हता. पण तो तोच आवाज होता. वेंडेल हातातली बंदूक टेबलावर ठेवून पालथ्या बादलीवर बसला. स्वच्छ बूट, इस्त्रीचा शर्ट, आणि कान लालबुंद.

"तू मला तिकडे नेऊन सांभाळणार," ती म्हणाली. "सांभाळशील, मला माहीत आहे. पण बाळा, घाबरलेला माणूस हातातलंसुद्धा बघत नाही. मी घाबरून इथून निघणार नाही, आणि तू घाबरून मला नेऊ नकोस. हॉबर्ट, ती दुसरी आण."

"ती कुणाच्या हातातली आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, आई."

"माझी पहिली बस कुणाच्या हातातली होती? शेजारच्या जिल्ह्यानं काढून टाकलेली. इंजिन उतरवून दुरुस्त करून आणली होती. बर्फात त्या घाटातून तुला शाळेत कुणी नेलं? तिनंच. मग मोठ्या थाटात नवी बस दिली, फित कापली, फोटो काढले, आणि पहिल्याच थंडीत चढावर बसली की नाही मटकन?"

"बसली होती," हॉबर्ट म्हणाला. "मी होतो त्या बसमध्ये. बाईंनी आम्हाला गाणी म्हणायला लावली होती."

तो जुनी घेऊन आला. चक्र उघडून बघितलं, "रिकामी," म्हणाला, तिला दिली. वहिनीनं बघितलं, प्रत्येक भोकात करंगळी फिरवली, "रिकामी," म्हणाली. मग विचारलं, "चाप ओढून बघू का?" असं विचारायची रीत आहे. हॉबर्टनं मान डोलावली. नळी बांधाकडे धरून तिनं चाप ओढला.

चाप गेला. एका लयीत, कुठं न अडकता, लोण्यातून सुरी जावी तसा. वहिनीनं पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वर्षानुवर्षं कुणीतरी रोज सराव केलाय हिच्यावर," हॉबर्ट म्हणाला. "त्यानं मऊ झालाय चाप. स्प्रिंगा तेवढ्या कारखान्यानं नव्या घातल्या. नव्या बंदुकीला हे यायला निम्मं आयुष्य जातं, बाई."

"तेवढं नाही माझ्याकडे," वहिनी म्हणाली. "गोळ्या दे."

नवी थाळी लावली. मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. पाच आवाज ऐकले. सावकाश, सारख्या अंतरानं. दर थांब्यावर ती बसचं दार उघडायची ना, तसे.

डोळे उघडले तर थाळीत चार भोकं एका तळव्यात मावतील अशी होती. पाचवं मात्र काठावर. निम्मं कागदात, निम्मं हवेत. हॉबर्टनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"चार," वहिनी स्वतःच म्हणाली. बंदूक उघडून टेबलावर ठेवली तिनं. "काठावरची मी मोजत नाही. पाचही आत असं ठरलं होतं."

वेंडेल बादलीवरून उठला. चालत थाळीपाशी गेला. तिथं पाठमोरा उभा राहिला. वाकला, काठावर अंगठा फिरवला. त्याच्या बापाची हुबेहूब पाठ आहे ती, मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

"आत आहे," तो म्हणाला.

"वेंडेल, खोटं बोलू नकोस."

"काठ थाळीचाच असतो, आई. मी मोजणार. पाच."

मग तो परत आला. टेबलावरची ती जुनी बंदूक उचलली, उघडी असूनही पाचही भोकं एकेक करून बघितली आणि मोठ्यानं म्हणाला, "रिकामी." वहिनीनं त्याच्या हातून ती घेतली, तिनंही बघितलं, आणि म्हणाली, "रिकामी." मी नाक शिंकरलं. हॉबर्टनं उगाचच पुंगळ्या गोळा केल्या.

बंदूक तिनं स्वतःच्या पैशानं घेतली, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. वेंडेलला म्हणाली, "तू गोळ्यांचा डबा घे. तो नवा कोरा आहे." त्यानं घेतला.

दुपारी घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन तो निघाला. खोकी हौद्यात तशीच दुमडलेली होती. त्यातल्या एकावर नातीनं रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'आजीची खोली, खिडकीपाशी.' वहिनीनं ते वाचलं. मग तेच खोकं उलगडून आत नेलं आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यात भरल्या, काठोकाठ.

"खोली तशीच ठेवू ना?" वेंडेलनं विचारलं.

"ठेव. नाताळात येईन राहायला. पाहुणी म्हणून."

वहिनीच्या फाटकापाशी रस्त्याला आंधळं वळण आहे. ती अंगातला एप्रन तसाच ठेवून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एवढ्या वेळात तिथून कुत्रंसुद्धा गेलं नव्हतं. तरी तिनं आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, पुन्हा एकदा वर बघितलं. मग ती वाकडी बोटं उंच करून तिनं आपल्या मुलाला हात दाखवला, की रस्ता मोकळा आहे, ये.