फेब्रुवारीची खूण

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुष्पावती म्हसे हिने राहुरीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा दिला. माहेरच्या साडेतीन एकरांतला आपला हिस्सा तिने भाऊ आदिनाथ याच्या नावे सोडला. बाहेर आल्यावर आदिनाथने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली.

"घे. अण्णांचं घड्याळ."

बहिणीने हक्क सोडला की तिला साडी नेसवायची, अशी रीत. संक्रांतीला विषय निघाला तेव्हाच पुष्पावतीने सांगितले होते, साडी नको, घड्याळ दे. वडील रामहरी, म्हणजे अण्णा, एका कॉलेजात शिपाई होते. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी स्वतःच्या हातातले घड्याळ काढून त्यांना दिलेले. चपटे, सोनेरी, चावीचे. लग्नकार्यापुरते ते मनगटावर चढे, एरवी कपाटात कुलपात. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. घड्याळ सापडत नाही, असे आदिनाथ आधी म्हणाला. महिन्याभराने म्हणाला, सापडले.

पुष्पावती बेलापूरला अंगणवाडी सेविका आहे. मंगळवारी मुले घरी गेल्यावर ती बाजारातल्या रंगनाथ घड्याळवाल्याकडे गेली.

"भाऊ, पट्टा ढिला व्हतोय. एक भोक पाडून द्या. आन् कालपासून धा मिन्टं पुढं गेलंय."

"चावीचं! कोन वापरतं आता? मालकांचं का?"

"वडलांचं. त्ये वारले."

रंगनाथने एका डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले. झाकण उलटून उजेडात धरले.

"वडील कधी वारले?"

"चार वर्षं झाली."

"मंग ह्ये फेब्रुवारीत कोनी उघडलं?"

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते. घड्याळ उघडणारा कारागीर तिथे आपली खूण आणि महिना कोरतो, असे त्याने सांगितले. शेवटची खूण यंदाच्या फेब्रुवारीची होती.

"ह्या मानसाला मी वळखतो. नगरचा हाय. जुनी घड्याळं जुळवून इकतो. एकाची भायेरची केस, दुसऱ्याचं आतलं मशीन. तबकडी तर परवा रंगवल्यावानी दिसती."

पुष्पावतीने तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"दादा, घड्याळ दुरुस्तीला टाकलं हुतंस का?"

"न्हाई गं. कपाटातून काढलं, तुझ्या हातात दिलं. का, बंद पडलं?"

"न्हाई. पुढं पळतंय."

"मग झ्याक की! अंगनवाडीला येळेवर पोचशील." तो हसला. मागून वहिनी काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

"व्हय म्हनले असते तर इषय मिटला असता," रंगनाथ म्हणाला. "ताई, वडलांच्या घड्याळात आकडे हुते का नुसत्या रेघा? सेकंदाचा काटा मधी, का खाली छोट्या गोलात?"

पुष्पावतीला सांगता आले नाही. ते घड्याळ तिने कधी हातात घेतले नव्हते. मुलींनी चावी जास्त फिरवली तर स्प्रिंग तुटेल, असे अण्णा म्हणत. तिने मोबाईलवर आपल्या लग्नाचा फोटो शोधून दाखवला. तिच्या मागे अण्णा उभे होते, खांद्यावर हात ठेवून. मनगट स्पष्ट होते. रंगनाथने भिंग स्क्रीनवर धरले.

"फ्लॅश पडलाय. नुसतं पांढरं. काय बी असंल." त्याने झाकण बसवले. "काय करू? पाडू का भोक?"

"पाडा."

शनिवारी तलाठ्याची नोटीस टपालाने आली. सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी करायचे आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तिने पोहोच दिली. पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून ती तलाठी कार्यालयात गेली आणि हरकतीचा अर्ज घेऊन आली.

अर्जात नाव, गाव आणि गट नंबर भरलेला आहे. हरकतीच्या कारणापुढे त्यानंतरच्या आठवड्यातल्या बुधवार संध्याकाळपर्यंत काही लिहिलेले नव्हते. मुदतीचे चार दिवस उरले आहेत.