बोटीवरचं नाव

आमच्या घरात बोटीला बाईचं नाव देतात. आधी आईचं, ती नसेल तर लेकीचं; आणि जिचं नाव, बोट कागदोपत्रीही तिचीच. आई जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे पाळी माझी. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर फादरनी नव्या बोटीवर पवित्र पाणी शिंपडलं, पप्पांनी कपडा ओढला, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं निघालं: प्रिन्सी.

प्रिन्सी म्हणजे माझ्या भावाची, क्लिफर्डची बायको. घरात येऊन दोन वर्षं झाली, अजून ओला बोंबील हातात धरताना तोंड वाकडं करते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

आमचा धंदा मासळीचा, असं आम्ही सांगतो. खरा धंदा चोरट्या डिझेलचा. खोल समुद्रात मोठ्या जहाजांकडून घ्यायचं आणि मासळीखाली लपवून आणायचं. गस्तीची बोट कुठे फिरते, कोणाला घाबरवायचं, हे आई गेल्यापासून मी बघते. क्लिफर्डला साधा निरोप धड देता येत नाही. पप्पा पुढे करतील त्या कागदावर मी न वाचता सही करते. लग्नाची दोन स्थळंसुद्धा याच घरापायी परत पाठवली. आणि नाव कोणाचं? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

जळत होते मी, सरळ सांगते. जेवताना पप्पा तिला विचारायचे, "बाय, पोटभर जेवलीस ना?" मला कधी विचारलं नाही.

सोमवारी बोट निघाली. क्लिफर्डला मी काहीतरी निमित्त काढून घरीच ठेवलं. खलाशी पकडले गेले तरी पप्पा त्यांना आठवड्यात सोडवून आणतात. मग लांब वालीवला जाऊन एका अनोळखी दुकानातून पोलिसांना फोन केला. बोटीचं नाव सांगितलं, जागा सांगितली. माल सापडला की बोटीच्या मालकालाही उचलतात. प्रिन्सी चार महिने आत बसली की तिचा तोरा उतरला असता.

मंगळवारी दुपारी पोलीस घरी आले. महिला शिपायानं विचारलं, ग्लोरिया गॅब्रिएल कोण? मी म्हटलं, बोट प्रिन्सीची आहे. तिनं कागद माझ्यापुढे धरला. मालक म्हणून माझं नाव होतं, खाली सही माझीच.

पप्पा मटकन पायरीवर बसले.

"क्लिफर्ड हट्टाला पेटला म्हनून नाव सुनेचं रंगवलं," ते म्हणाले. "बोट तुझीच केली, ग्लोरी. मी गेल्यावर तुला कोनाच्या तोंडाकडं बघाया नको."

हे ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते. कपडे भरायला शिपायानं मला पाच मिनिटं दिली आणि ती बाहेर थांबली; पप्पा माझ्यामागोमाग खोलीत आले. प्रिन्सी रडत आत आली, तिनं स्वतःची रोझरीची माळ माझ्या हातात ठेवली आणि पप्पांशेजारी हुंदके देत उभी राहिली. पप्पांनी डोळे पुसले. मग त्यांचा चेहरा सगळं बंदर ज्याला घाबरतं तसा झाला.

"खबर कोनी दिली?" त्यांनी हळूच विचारलं.

मागे एकदा ज्यानं खबर दिली, तो माणूस पुन्हा कोणाला दिसला नाही. ते काम मीच लावलं होतं.

बोट माझी होती, पप्पा माझे होते. आता जळायला कारणच उरलं नव्हतं. पण बोलता बोलता पप्पांचा हात प्रिन्सीच्या पाठीवर फिरत होता, लहान पोरीला थोपटावं तसा.

"घरातलंच मानूस हाय, पप्पा," मी म्हटलं, आणि तिच्याकडे बघितलं.

पप्पांनी हात काढून घेतला.