महिपतच्या नोंदी

"सही कर महिपत. मशीन काय खोटं बोलतं?" मॅनेजर म्हणाले.

बंदराजवळच्या मासळीच्या शीतगृहात महिपत एकोणीस वर्षं ऑपरेटर होता. तिथलं यंत्र दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आपल्या मेमरीत साठवी. महिनाभरात तीनदा नोंदी उघडताना 'फाइल खराब' एवढंच आलं. तिन्ही वेळा पाळी महिपतची होती.

"मी हात पण लावला नाय, साहेब."

"मग भुतानं लावला?"

चार तास उभं ठेवल्यावर महिपतने सही केली. यंत्र बंद करून झोपलो, असं कागदावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणाले. त्याच्या गावी, भाट्याच्या नाक्यावर, माणसं विचारू लागली, "काय, झोप झाली काय?"

सात महिन्यांनी इतर गावांहूनही तशाच तक्रारी आल्या, तेव्हा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आपल्या इंजिनिअरला, राजश्रीला, पाठवलं. तिला दोष सापडला. वीज गेली की लिहिली जात असलेली एक नोंद अर्धवट राही, आणि तपासणारा प्रोग्राम तेवढ्यावरून सगळी फाइल खराब ठरवी. वीज बहुतेकदा महिपतच्याच पाळीत जात होती. राजश्रीने प्रोग्राममधल्या चार ओळी बदलल्या. जुन्या नोंदी जशाच्या तशा उघडल्या. उणे अठरा, उणे अठरा. जनरेटर लावायलाही महिपतने कधी उशीर केला नव्हता.

"दुरुस्ती झाली ना, मग झालं," मॅनेजर म्हणाले. "त्याने स्वतः कबूल केलंय. आमच्याकडे कागद आहे."

राजश्री नोंदींची प्रत घेऊन भाट्याला त्याच्या घरी गेली.

"काका, चूक यंत्राची होती. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

त्याची बायको सगुणा दारातच खाली बसली. "बघा, मी सांगत व्हते," ती रडत म्हणाली. "हे घरातला फ्रिजपण दिवसातून धा वेळा उघडून बघतात हो, बंद तर नाय ना म्हणून."

महिपतने कागद घेतला नाही.

"नाय ताई. मीच केलं आसंल. एवढी शिकलेली माणसं उगाच बोलतील काय? मला आठवतंय. डोळा लागला व्हता. बटनाकडं हात गेला व्हता माझा."

"काका, असं झालंच नाही. हे बघा—"

तो घाईने उठला. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तिच्यापुढे हात जोडून सरळ उभा राहिला.

"साहेबांना सांगा, परत आसं होणार नाय."