पुढच्या रांगेतली चार माणसं

हॉलच्या दारात पत्र्याची मोठी बादली होती. पहिल्यांदा येणाऱ्याने औषधं तिच्यात टाकायची आणि शेवटच्या रांगेत बसायचं. ज्याला बरं वाटेल त्याने दर रविवारी एक रांग पुढे सरकायचं. अगदी पुढे चौघं बसले होते, टवटवीत, आणि मागची गर्दी माना उंचावून त्यांच्याकडे पाहत होती.

"आजार म्हणजे भाडेकरू," ही रविवारची सभा घेणारा ब्रदर लाईल चष्मा पुसत सांगत होता. "गोळ्या घालून पोसलात तर कशाला घर सोडेल तो? उपाशी ठेवा."

माझ्या शेजारी आर्ने हालवोर्सन आणि त्याची मुलगी ब्रिटा होती. विद्यापीठाच्या गणित विभागात आर्नेची आणि माझी खोली समोरासमोर. संशोधनाचा विषय म्हणून त्याच्या नावापुढे 'मूळ संख्या' लिहिलंय, माझ्या नावापुढे 'गहाळ माहिती'. जे नाहीच त्याचा पगार घेतेस, असं तो मला चिडवतो.

ब्रिटाला फेफरं येतं. तिच्या गोळ्या आता बादलीत होत्या. त्या एकदम बंद केल्या तर जीवावर बेतू शकतं, हे मी त्याला गाडीत सांगून पाहिलं होतं.

"मागच्या रविवारी एकटा येऊन पुढच्या रांगेतल्या एकेकाला विचारलंय मी," तो म्हणाला होता. "सगळे बरे झालेत. एक अपवाद दाखव, लगेच उठतो."

मी रांगा पाहिल्या. शेवटची खच्चून भरलेली. पुढे पुढे विरळ.

कॉफीच्या वेळी मी पुढच्या रांगेतल्या टॉलेफसनबाईंकडे गेले. आर्नेही आला. बाईंचे गुडघे दुखायचे थांबले होते. दर उन्हाळ्यात थांबतात, असंही त्याच म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी कोण होतं, बाई?"

"उजवीकडे नूट. साखरेची सुई घ्यायचा. नंतर यायचाच थांबला. श्रद्धा कमी पडली, असं ब्रदर म्हणाले."

"आणि डावीकडे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "एक पोर होती. झटके यायचे तिला. तिच्या मातीला गेले होते की मी. पण या जागेशी त्याचा संबंध... मनातच आलं नाही गं."

आर्नेने रांगांकडे वळून पाहिलं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. अपवाद तिथे बसूच शकत नव्हता. ज्यांचं दुखणं आपोआप ओसरायचं ते पुढे सरकत होते, बाकीचे गळत होते. याहून वेगळी जादू नव्हती.

तो बादलीपाशी गेला.

"मग मुलीचं काही झालं तर ते माझ्यावर नाही," ब्रदर लाईल हळुवारपणे म्हणाला.

"ते कधीच तुमच्यावर नसतं," आर्ने म्हणाला.

बादली कधी रिकामी केली जात नसे. ती भरलेली दिसण्यातच लाईलचा दिमाख होता. ब्रिटाची बाटली वरच मिळाली. ती त्याने तिच्या हातात दिली, तरी तो थांबला नाही. खालची एकेक बाटली काढून तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचत गेला. मागच्या रांगांतून एखादा हात वर व्हायचा. बऱ्याच नावांना कुणीच ओ देत नव्हतं.

बरी झालेली माणसं कोणी दाखवली तर अवश्य पाहा. मग विचारा, त्यांच्याबरोबर आलेली बाकीची माणसं कुठे आहेत.